परस्थान

"बाबा, गेटपाशी पोचले का तुम्ही? मले खाली येता येत नाही, पण कोणत्या गेटानं याचं ते सांगते," दीप्ती फोनवर घाईघाईनं म्हणाली.

चंपतराव तेव्हा वाडीत, शेजारच्या ओमप्रकाशच्या ओसरीवर उभे होते. कोपऱ्यातल्या पाटावर त्यांचं गाठोडं होतं. ते न्यायला आले होते.

"कोणतं गेट?"

"बंदराचं, बाबा. दोन वाजून गेले. चारले बंद करते."

"जहाज तं उद्या सुटते ना?"

पलीकडे कोणीतरी इंग्रजीत काही विचारलं, दीप्तीनं त्याला उत्तर दिलं. मग तिचा आवाज अगदी बारीक झाला. "कुठी आहा तुम्ही?"

"घरीच आहो. संध्याकाळची गाडी हाय. सकाळी पोचतोच."

ओमप्रकाश अंगणात ऑटोचे नट आवळत होता. त्यानं पान्हा हातात धरूनच वर पाहिलं.

पोरगी चार वर्षांपासून मोठ्या प्रवासी जहाजावर होती. खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या, पाहुण्यांचे टॉवेल घडी करून ठेवायचे. श्रावणात तिची आई, प्रेमिला गेली, तेव्हा जहाज कुठल्याशा परक्या समुद्रात होतं. आईला तिनं शेवटचं पाहिलं ते फोनमध्येच. जहाजावर काम करणाऱ्यांना आईबापाला एकदा फिरवून आणता येतं. दीप्तीनं तसा अर्ज केला होता, दोघांसाठी. नंतर त्यातलं एक नाव काढलं. मुंबईहून निघून चार दिवसांनी जहाज परत येणार होतं. रोज संध्याकाळी काम संपलं की तासभर ती बापाजवळ बसणार होती. चार वर्षांत पहिल्यांदा.

"जहाज आज रातभर इथंच उभं हाय, बाबा," दीप्ती म्हणाली. "पण चढाचं आजच हाय. आज जे चढले, ते उद्या उतरून मुंबई पाहून येऊ शकते. जे चढलेच नाही, त्याईचं नाव काटते. मी सांगतलं होतं ना, शुक्रवारी दुपारी म्हणून?"

"हो. सांगतलं होतं."

"मंग? काहून असं केलं?"

चंपतरावांनी पाटावरच्या गाठोड्याकडे पाहिलं. त्यांच्याजवळ गुरुवारच्या गाडीचं तिकीट होतं. पण गुरुवारी अमावस्या पडली. मोठी बहीण भागीरथा, म्हणजे त्यांची बाई, हटून बसली, अवशीले घराबाहेर पाय टाकाचा नाही. बुधवारचा मुहूर्त चांगला होता. म्हणून धोतरजोडी, सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ बांधून तिनं बुधवारी ते गाठोडं ओमप्रकाशकडे परस्थान म्हणून ठेवलं. मुंबई मावळतीला, ओमप्रकाशचं घरही मावळतीला. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला. मग अवस उलटू द्यायची आणि शुक्रवारी गाडीत बसायचं.

"जहाज सुटते कवा?" भागीरथानं विचारलं होतं.

"शनवारी संध्याकाळी."

"मंग घाई कायची गा तुले?"

चंपतरावांनाही ते पटलं. वाडीच्या गोदामांत त्यांनी मुकादमी केली होती. तिथं माल भरलेला ट्रक रात्रभर यार्डात उभा राहायचा. ड्रायव्हर पहाटे यायचा, क्लीनर कधीकधी चालत्या गाडीला लोंबकळायचा. सुटायच्या आधी पोचलं की झालं. आणि प्रेमिला गेल्यापासून कोणी काही म्हटलं की ते हो म्हणत. ओमप्रकाशनं मोबाइलवर तिकीट बदलून दिलं.

"माह्यंच चुकलं," चंपतराव फोनवर म्हणाले. "माह्या ध्यानात नाही रायलं."

"आता विमानानंही नाही पोचणार तुम्ही."

"उद्या मी गेटापाशी येऊन उभा रायतो ना."

"आत येऊ देत नाही, बाबा. मले बाहेर सोडत नाही. बाहेरून जहाजही दिसत नाही, नुसती भिंत दिसते. नका येऊ." तिनं नाक ओढलं. "मी खुर्ची आणून ठेवली होती तुमच्यासाठी, डेकवर. सर बोलावून राहिले. ठेवते."

फोन बंद झाला. आपल्याला रडू येईल असं चंपतरावांना वाटलं. ते थोडा वेळ थांबले. पण काहीच आलं नाही. त्यांनी गाठोडं काखेत घेतलं.

"काका, तिकीट कॅन्सल करू का?" ओमप्रकाशनं विचारलं.

"बाईले सांगून येतो आधी."

घरी भागीरथाबाई तिखट पुऱ्या तळत होत्या. चाळणीत ढीग झाला होता.

"ये गा. टोपलं उतरव वरचं. जहाजात मळमळते म्हणते, लिंबाचं लोणचं देऊन राहिली. अन् तिथं काट्याचमच्यानं जेवाले बसू नको, डोळ्यात घालशीन एखांद्या गोऱ्या बाईच्या."

"बाई, मी काय म्हणतो..."

"म्हण ना."

चंपतराव चुलीसमोरच्या पाटावर बसले. गाठोडं त्यांनी मांडीवर घेतलं.

भागीरथाबाईंनी पुरी उलटली. "त्या दिवशी अवस होती गा. प्रेमिलेले दवाखान्यात नेलं त्या दिवशी. माह्या तोंडावर आलं होतं, आज नोका नेऊ, उद्या न्या. डॉक्टर वरडन म्हणून गप रायली. गेली ते गेलीच." झारा कढईच्या काठावर आपटून त्यांनी तेल निथळवलं. "म्हणून या बारीले नाही ऐकलं कोणाचं. तुवा माह्यं ऐकलं, बरं केलं. आता मले झोप लागन." मग त्यांनी मागं वळून पाहिलं. "काय म्हणत होता तू?"

चंपतरावांनी पुरीचा एक तुकडा मोडला.

"मीठ कमी हाय म्हणत होतो."

"तोंडच कडू झालं तुह्यं. मीठ बराबर हाय."

स्टेशनवर जायला ओमप्रकाशनं आपला ऑटो काढला. चंपतरावांनी त्याला दारातच बाजूला घेऊन सांगितलं होतं, बाईजवळ बोलाचं नाही. तो वाटभर आरशातून मागं पाहत राहिला, बोलला मात्र नाही. भागीरथाबाई एकट्याच बोलत होत्या. समुद्राला नारळ द्यायचा, जहाजाच्या कठड्याला रेलायचं नाही, पोरीच्या डोक्याला बसल्या बसल्या तेल लावून द्यायचं.

"कोण लावते तिले तिथं?" त्या म्हणाल्या.

"लावतो," चंपतराव म्हणाले.

गाडी लागलेलीच होती. ते खिडकीजवळ बसले. भागीरथाबाईंनी गजांतून हात घालून त्यांच्या हातावर दही ठेवलं आणि ते चाटेपर्यंत हटल्या नाहीत. मग पदरानं त्यांचा तळवा पुसून दिला.

गाडीला हिसका बसला. भागीरथाबाई दोन पावलं सोबत चालल्या.

"दीप्तीले सांग, आत्यानं दिस पाहून धाडलं म्हणाव!"

"सांगतो."

"इसरू नको!"

"नाही इसरत. सांगतो."

भागीरथाबाईंनी गाडीला हात जोडले. चंपतरावांनी खिडकीतून हात वर केला. फलाट संपला, यार्डातले रिकामे डबे मागं गेले, तरी तो हात खाली घ्यायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.