वरची कवळी

हिल्केने चिमट्याने ती वस्तू कुंपणाच्या कडेला माजलेल्या गवतातून उचलली आणि तोंड फिरवलं. कवळी. या मोसमातली चौथी. गुलाबी हिरडीला मुंग्या लागल्या होत्या आणि दोन दाढांच्या फटीत कांद्याचा वाळलेला तुकडा अजून अडकून होता.

"शी!" ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला कुणी नव्हतं. उद्यानाची फाटकं उघडायला अजून दीड तास होता आणि डोक्यावरचा रोलर कोस्टर निपचित पडून होता.

सव्वीस वर्षं ती हेच करत आली होती. वर जिथे रूळ उलटे होतात, तिथे खाली कुंपण घातलेली जागा होती. दिवसभरात लोकांच्या खिशातून, कानातून आणि तोंडातून जे गळायचं ते तिथे पडायचं. ते वेचायचं काम हिल्केचं. शिवाय डब्यांत कुणी ओकलं की त्यावर भुसा टाकायचा, खरवडायचं, धुवायचं. लोकांनी सुट्टी काढून यावं, मेयोनीजमध्ये बुडवलेले बटाट्याचे तळलेले तुकडे पोट फुटेस्तोवर खावेत, मग रांग लावून उलटं लटकावं आणि वर खिदळावं, या सगळ्याची तिला मनापासून शिसारी यायची. माणूस खुशीत आला की त्याच्यातून किती घाण बाहेर पडते, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

कवळी पिशवीत टाकता टाकता तिचा हात थांबला. डावीकडच्या सुळ्याचा टवका उडाला होता, आणि ती कड कुणीतरी कानशीने घासून गुळगुळीत केली होती.

मुलीच्या लग्नात तिच्या नवऱ्याने, हार्मेनने, त्या सुळ्याने बिअरची बाटली उघडली होती. दुसऱ्या दिवशी गॅरेजात बसून त्याने तो स्वतःच घासला होता. तेव्हापासून चौदा वर्षं ती कवळी रोज रात्री न्हाणीघरातल्या पेल्यात पडलेली असायची, आणि हिल्के त्या पेल्यावर रुमाल टाकून मगच आपले दात घासायची.

कवळी तडकली, दंतवैद्याकडे दुरुस्तीला दिली, असं हार्मेनने सांगितलं होतं. त्याला अकरा दिवस झाले. ज्या मंगळवारी तो भावाकडे छपराचं काम करायला गेला होता, त्याच संध्याकाळची ही गोष्ट. तेव्हापासून त्याला चावायला लागू नये म्हणून रोज रात्री बटाटा आणि केलची, म्हणजे कोबीच्या जातीच्या भाजीची, पानं एकत्र कुस्करून खाणं चाललं होतं. ऐन जुलैत! थंडीतलं ते जेवण करताना तिच्या अंगाला घाम फुटायचा.

म्हणजे छप्पर नव्हतं आणि दंतवैद्यही नव्हता. मग कोण होतं?

कँटीनमध्ये देखभालीचा मुख्य रूलोफ कॉफी पीत होता. त्याच्या मागे भिंतीवर तो फळा होता. मोसमाच्या शेवटच्या दिवशी बेवारस कवळ्या त्यावर खिळ्याने ठोकायच्या, खाली एकेक चावट नाव लिहायचं आणि बिअर प्यायची, अशी इथली जुनी रीत. कवळी कुणाला परत हवी असेल तर त्याने हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीशी येऊन ती सगळ्यांसमोर तोंडात बसवायची आणि हसून दाखवायचं. एकदा एक आजोबा दुसऱ्याचेच दात घेऊन गेले, तेव्हापासूनचा हा नियम. हिल्के फळ्याकडे पाठ करून बसायची.

"काय गं, आज कुणी गवतात दात पेरलेत का?" रूलोफने विचारलं.

"एक चष्मा. दोन टोप्या."

सव्वीस वर्षांत सापडलेल्या वस्तूंच्या नोंदीबाबत ती पहिल्यांदाच खोटं बोलली. कवळी तिच्या एप्रनच्या खिशात होती. चालताना ती मांडीला लागायची, म्हणून हिल्केने खिसा दोन बोटांनी अंगापासून दूर धरला.

उतारावरून डबे खाली कोसळताना यंत्र लोकांचे फोटो काढायचं. ते विकायच्या खिडकीत नवी आलेली इम्के फोटो दाखवायचे पडदे पुसत बसली होती.

"गेल्या आठवड्यातल्या मंगळवारचे फोटो आहेत का गं?" हिल्केने विचारलं.

"दोन आठवडे ठेवतो आम्ही. पण तू आणि फोटो? कुणाच्या पाळतीवर आहेस बाई?"

हिल्के पडद्यापुढे वाकली. तिला संशय होता तो चर्चच्या गायनमंडळातल्या एका विधवेचा, लाल स्कार्फवालीचा. वासलेली तोंडं, बाहेर आलेले डोळे, हवेत उडालेली लाळ, असे शेकडो चेहरे पडद्यावरून सरकत गेले. मग हार्मेन दिसला. पहिला डबा, डावी जागा. दोन्ही हात वर, डोळ्यांतून पाणी, आणि तोंडात वरच्या बाजूला नुसती हिरडी. तो हसत होता. इतका हसताना तिने त्याला कधी पाहिलं होतं, ते तिला आठवेना.

शेजारची जागा रिकामी होती.

"हा होय!" इम्के म्हणाली. "त्या मंगळवारी तुझी पाळी सुटल्यावर मी गाड्यांपाशी होते ना. पाच वेळा बसला पठ्ठ्या. शेजारी कुणाला बसू देईना. म्हणायचा, बायको इथंच कामाला आहे, येईल इतक्यात. कुठली बायको नि कुठलं काय! पाचव्या खेपेला दात गेले, तेव्हा कुठे घरी गेला."

"घाणेरडा दिसतोय," हिल्के म्हणाली. "छापून दे."

तिच्या नोकरीच्या पहिल्या उन्हाळ्यात हार्मेन रोज मागे लागायचा. चल ना, एकदा. कर्मचाऱ्याला दरवर्षी दोघांचा पास मिळायचा. त्या डब्यांत काय काय सांडलेलं असतं ते मला विचार, असं म्हणून ती पास खणात टाकायची. पुढे कधीतरी त्याने विचारणंच सोडलं. कधी, ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

संध्याकाळी सहाला तिने ताटात बटाटा-केल वाढलं. त्याआधी मोरीत उभं राहून तिने कवळी सोडा लावून घासली होती, ब्रशने, हातमोजे न घालता. दोनदा ओकारी आली, दोनदा गिळली. आता खाली फोटो सरकवून कवळीची बशी त्याच्यापुढे ठेवत ती म्हणाली,

"दंतवैद्याकडून आली."

हार्मेनचे कान लाल झाले. बशीखालचा फोटो त्याने बाहेर ओढून पाहिला.

"सांगणार होतो गं. पण तुझं ते तोंड होतं ना..."

"कुठलं तोंड?"

"हेच. आत्ताचं."

हिल्केने नाकाला हात लावला. नाक आक्रसलेलं होतं, वरचा ओठ चढलेला होता. तिने तो खाली ओढून बघितला. तो आपोआप पुन्हा वर गेला. हा चेहरा आपण घरीही आणतो, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तिला स्वतःचीच किळस आली.

ती उठली, खण उघडला आणि यंदाचा पास टेबलावर ठेवला.

"उद्या, रविवारी. पहिल्याच फेरीला जायचं, तेव्हा डबे मी नुकतेच पुसलेले असतात. आणि दात घरी ठेवायचे."

"तू बसणार?"

"मला उलटी होणार. आत्ताच सांगून ठेवते."

हार्मेनने कवळी तोंडात बसवली, जबडा दोनदा हलवून पाहिला.

"झाली तर मी पुसेन."

हिल्केने पाठ फिरवून भांडं उचललं.

"आधी भुसा टाकायचा," ती म्हणाली. "जरा थांबायचं. घाई केली की पसरतं."