साखर-तेलाची सोयरीक

मी एक जुना शेकर आहे. शेकर म्हणजे आपल्या उबदार पेटीत काचेचे चंबू गोल गोल हलवत ठेवणारे यंत्र. मित्रांनो, दिवसभर घुमायचे आणि कुठेच पोहोचायचे नाही, असे माझे काम! पण मला त्याचा अभिमान आहे, कारण ते मी बाईंसाठी केले.

बाई आमच्या प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञ. त्यांची थोरली बहीण परिचारिका होती. सतत हात धुऊन तिच्या बोटांना भेगा पडत. बाजारची मलमे तिला झोंबत, म्हणून बाई घरी मलम घोटत. पण चार दिवसांत तेल वर आणि पाणी खाली! साखरेला तेलातले मेदाम्ल जोडले, की तेल-पाण्याला एकत्र धरून ठेवणारा सौम्य पदार्थ मिळतो, हे बाईंना ठाऊक होते. मात्र आमच्याकडे ते काम कडक आचेवर होई आणि साखर करपून काळी पडे.

"हे आपण एन्झाइमकडून करून घेऊ," बाई एकदा म्हणाल्या. एन्झाइम, म्हणजे विकर, हा सजीवांच्या शरीरातला कारागीर. तो अशी कामे कोमट उबेत उरकतो.

"साखर आणि तेल? ही सोयरीक जमायची नाही," प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे मोठे सर, हसले.

बाईंनी विकर चिकटवलेले बारीक मणी चंबूत टाकले. मी हलवू लागलो. जोड होई, पण थोडीशीच. मग सारे अडून बसे. कितीतरी चंबू वाया गेल्यावर बाईंना उमगले, की जोडताना थोडे पाणी सुटते आणि पाणी साचले की तेच विकर जोडलेले पुन्हा तोडते. त्यांनी पाणी शोषणारे खडे घातले. तर माझ्या वेगाने खडे मण्यांवर आपटले आणि मण्यांचा भुगा झाला! बाईंनी माझी कळ फिरवून वेग उतरवला. "सावकाश, बाबा. घाई कोणाला आहे?"

आता जोड वाढू लागली, आणि ऐन दुपारी माझा पट्टा तुटला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. बाईंनी चंबू कोमट पाण्यात धरला आणि त्या तो हातानेच फिरवायला लागल्या. मोठे सर उठून जवळ आले. मग त्यांनी बाह्या सारल्या.

"द्या इकडे. तुम्ही दोन घास खाऊन या."

"पण सर, सोयरीक जमायची नाही ना?"

"आता मांडवात उभाच आहे, तर हातभार लावतो!"

संध्याकाळी नवा पट्टा येईपर्यंत दोघांनी आळीपाळीने चंबू फिरवला. पुढे त्यातून पांढरी, बिनवासाची भुकटी निघाली. ती घालून घोटलेले मलम फुटले नाही, तेल-पाणी एकत्रच राहिले. बाईंनी ते आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहिले, मग प्रयोगशाळेत आलेल्या बहिणीला दिले.

"ताई, झोंबतंय का गं?"

"अजिबात नाही. पण डबी एवढीशीच आणलीस?"

बाई हसल्या आणि माझ्याकडे तोंड फिरवून त्यांनी डोळे टिपले.

पुढे नवी यंत्रे आली. मला मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी ठेवले. कोणी माझ्यावर पिशव्या ठेवी, कोणी चहाचा पेला. मित्रांनो, थकलेल्या यंत्राला भंगारात काढण्याआधी एकदा उघडून तरी बघा. थोडी साफसफाई, तेलाचे दोन थेंब, एवढेच पुष्कळदा पुरते.

बाईंनी तेच केले. आता मी विद्यार्थ्यांच्या खोलीत आहे. आज एका मुलीने विचारले, "हे चालतं का?"

"हात लावून बघ," बाई म्हणाल्या.

तिने माझ्या अंगावर तळहात टेकवला आणि हसली. माझे अंग उबदार होते.