माझ्याखाली ठेवलेला अर्ज

ठक्. ठक्. मग जरा थांबून, ठिस्स. माझ्या आठवणीतला पहिला आवाज तो. एक पाथरवट या इमारतीची पायरी घडवत होता. त्याची छिन्नी थोडी कलली आणि पायरीच्या कोपऱ्याचा कपचा उडाला. तो कपचा म्हणजे मी. "चुकलं," असं तो स्वतःशीच म्हणाला आणि मला उचलून खिशात टाकलं. मग रोज जेवण झाल्यावर बसल्या बसल्या तो माझ्या कडा घासत राहिला. कशासाठी, ते त्यालाही ठाऊक नसावं.

मी एक दगड आहे. काळा, मुठीएवढा. मला लिहिता-वाचता येत नाही. सांगतोय ते सगळं पाहिलेलं, ऐकलेलं, नाहीतर अंगाखाली जाणवलेलं.

ही इमारत उभी राहायच्या आधी एक बचत कंपनी गाशा गुंडाळून पळाली होती म्हणे. माणसं तिच्या बंद दारासमोर दिवसचे दिवस बसून राहिली. दाद कुठं मागायची तेच कुणाला माहीत नव्हतं. मग सरकारनं हे कार्यालय काढलं. विमा विकणारे, ठेवी घेणारे, कर्ज देणारे, सगळ्यांवर यानं नजर ठेवायची. तिसऱ्या मजल्यावर कंपन्यांना परवाने मिळतात. दुसऱ्यावर तपासनीस बसतात. ते न कळवता कंपनीत जाऊन उभे राहतात आणि कपाटं उघडायला लावतात. तळमजल्यावर, जिन्याला लागून, तक्रारीची खिडकी आहे. माझी जागा तिथं.

खिडकीमागच्या कारकुनाला सगळे मामा म्हणतात. इमारत जितकी जुनी तितकी मामांची नोकरी जुनी. पाथरवटानं काम संपवून निघताना मला त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "घ्या साहेब, कागद उडायचे नाहीत." मामा अजून सांगतात, "जन्मात मला साहेब म्हणाला तो एकटा माणूस. बाकी वरच्यांना कंपन्या घाबरतात, मला टेबलावरचा पंखासुद्धा घाबरत नाही."

मामांचा हात उबदार. दर शनिवारी ते मला नळाखाली धुतात आणि रुमालानं पुसतात. दगडाला कोण पुसतं?

आता खिडकीचा नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. माणसानं आधी कंपनीकडं लेखी तक्रार करायची. तीस दिवस वाट बघायची. तेवढ्यात कंपनीनं दाद दिली नाही, तरच इथं यायचं. नियम वाईट नाही. निम्म्या कंपन्या त्या तीस दिवसांत सुतासारख्या सरळ होतात. पण कुणी आधीच आलं, तर त्याचा अर्ज परत करायचा. परत करण्याआधी वर बाईंना दाखवायचा. बाई म्हणजे तक्रार अधिकारी. त्यांची सही झाली की मग परत.

मामांना परत करणं जमायचं नाही. लांबून आलेलं माणूस खिडकीशी उभं राहिलं की यांचा जीव खालीवर व्हायचा. एका म्हाताऱ्या पोस्टमनला त्यांनी तीन वेळा परत पाठवलं होतं. चौथ्यांदा तो आलाच नाही. तेव्हापासून मामांनी आपली एक रीत काढली. मुदतीआधीचा अर्ज ठेवून घ्यायचा. त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं तिसाव्या दिवसाची तारीख लिहायची आणि तो माझ्याखाली सरकवायचा. तारीख आली की मला उचलायचं, अर्जाला नंबर द्यायचा आणि वर पाठवायचा. माणसाचा हेलपाटा वाचायचा. बाईंना काही कळायचं नाही. त्यांना कळायला हवं असं मामांना वाटायचंही नाही. "बाई तरी काय करणार, सही करून परतच पाठवणार ना," असं ते म्हणायचे.

अकरा वर्षं मामांची एक तारीख चुकली नाही. मी अभिमानानं बसायचो. माझ्याखालून कागद हलायचा नाही.

मग ती आली. शिवणकाम करणारी. बोटांना सुया टोचल्याच्या खुणा, पिशवीत कागद. तिचा थोरला भाऊ वेल्डर होता. त्याच्या हृदयाची झडप खराब झाली होती, ऑपरेशन लागणार होतं. विमा कंपनी म्हणत होती, दुखणं पॉलिसीच्या आधीचं आहे, पैसे देणार नाही.

"डॉक्टरांनी लिहून दिलंय ना, आधीचं नाही म्हणून?" मामांनी विचारलं.

"दिलंय की. कंपनीला तेही दाखवलं. ते म्हणतात बघतो. नऊ दिवस झाले, बघतायत."

"दादा कसे आहेत?"

"जिना चढला की बसतो. आणि मलाच ओरडतो, माझ्या पायी दुकान बंद ठेवू नकोस म्हणतो. ते दुकानही त्यानंच घालून दिलंय."

मामांनी पेन्सिल उचलली. मग म्हणाले, "ताई, तीस दिवसांचा नियम आहे. पण तुम्ही परत येऊ नका. अर्ज माझ्याकडं ठेवून जा. मी सांभाळतो."

ती हसली. पहिल्यांदाच हसली असेल त्या दिवशी. "बरं झालं मामा. येण्याजाण्यात दिवस जातो."

अर्ज माझ्याखाली आला. पातळ होता. एकवीस दिवस मी त्याच्यावर बसून राहिलो.

तिसाव्या दिवशी सकाळी मामांनी मला उचललं, नंबर टाकला, अर्ज वर पाठवला. तासाभरात बाई स्वतः जिना उतरून आल्या. त्या कधी खाली येत नाहीत.

"मामा, हा अर्ज आला कधी?"

"नवव्या दिवशी आला होता, बाई. मुदत व्हायची होती, म्हणून मी..."

"मग माझ्याकडं का नाही आला?"

"परतच जाणार होता ना."

बाईंनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "ऑपरेशनच्या केसला मुदत लागत नाही, मामा. जीवाचा प्रश्न असेल तर मी त्याच दिवशी घेते. म्हणून तर परत करायच्या प्रत्येक अर्जावर माझी सही ठेवलीय. सही परत पाठवायला नसते. कुणीतरी वाचावं म्हणून असते."

मामांचा हात माझ्यावर होता. गार पडलेला मला कळला.

बाईंनी दुपारच्या आत कंपनीला आदेश पाठवला. दुसऱ्या दिवशी कंपनीची मंजुरी आली. इतकं सोपं होतं ते.

तेव्हापासून माझ्याखाली काही नसतं. मामा प्रत्येक अर्ज वर नेतात, गुडघे दुखतात तरी स्वतः नेतात. मी नुसता टेबलावर असतो. तुम्हाला एक सांगतो. अशा खिडकीवर कधी गेलात आणि आतला माणूस गोड बोलून कागद ठेवून घेऊ लागला, तर विचारा, नंबर पडला का? कुणी वाचला का? भिडेखातर गप्प राहू नका. आमच्यासारखे सांभाळणारे फार असतात.

इथंच थांबणार होतो. पण काल ती आली. भावाचे मूळ कागद परत न्यायला आली होती. ऑपरेशन झालं होतं, पण भाऊ ऑपरेशनच्या टेबलावरून उठला नव्हता.

"डॉक्टर म्हणाले, हृदय फार थकलं होतं," ती म्हणाली. "तीन आठवडे आधी आणलं असतं तर वाचला असता म्हणाले." तिनं कागद पिशवीत घातले. "तुमचे मात्र उपकार आहेत, मामा. तुम्ही अर्ज ठेवून घेतलात. नाहीतर मी आणखी किती खेटे घातले असते."

मागं रांग होती. मामा नुसते मान हलवू शकले असते. बाईंनी कुणाला काही सांगितलं नव्हतं, मीही सांगणाऱ्यातला नाही.

मामा खुर्चीवरून उठले.

"ताई, अर्ज नवव्या दिवशीच वर गेला असता तर त्याच दिवशी आदेश निघाला असता. जीवावरच्या दुखण्याला मुदत नसते. मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही. ते तीन आठवडे तो इथं, या दगडाखाली होता."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग मामांकडं. पिशवीचा बंद तिनं हाताला एकदा गुंडाळला, पुन्हा सोडला. रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "अहो, आटपा की."

ती वळली आणि निघून गेली.