पलीकडचा समुद्र

अप्पांना दिवसभर गप्प बसवणं म्हणजे गळक्या नळाला समजावण्यातला प्रकार, हे त्यांच्या लेकीला, चिमीला, पुरतं ठाऊक होतं. जन्मभर बसस्टँडसमोर सलून चालवलेला माणूस तो. कात्री घटकाभर थांबेल, जीभ थांबायची नाही. शहर बघायला आलेला कोणीही दाढीसाठी खुर्चीत बसला की अप्पा त्याला दीपगृह, किल्ला, मत्स्यालय, समुद्राकाठची गुहा असं सगळं बसल्या जागी फिरवून आणत. तिखटमीठ लावून, हातवारे करून. गालावर वस्तरा असल्यामुळे समोरच्याला पुरे म्हणायचीही सोय नसे.

गंमत अशी की यातलं एकही ठिकाण त्यांनी स्वतः पाहिलेलं नव्हतं. लोकांना सुट्टी तेव्हा सलूनला गर्दी, मग जाणार कधी? जे ऐकलं ते सांगितलं आणि जे ऐकलं नाही ते बनवलं. चिमी शाळेतून आली की तिथल्याच बाकावर बसून हे सगळं तोंड उघडं टाकून ऐकायची. पुढे ती पर्यटन कंपनीच्या गाडीवर गाईड झाली त्याचं नवल कोणालाच वाटलं नाही. अर्धी माहिती तिची पाठच होती.

मग अप्पांचे हात थरथरायला लागले. थरथरत्या हाताचा वस्तरा कोण गालाला लावून घेणार? सलून बंद झालं. अप्पा घरात बसून भिंतींशी बोलायला लागले, आणि एके दिवशी जेवता जेवता म्हणाले, "चिमे, मी जन्मभर लोकांना खोटं तर नाही ना सांगितलं? एकदा मला बघू तरी दे."

पण गाडीचं तिकीट बाहेरच्या पाहुण्यांच्या खिशाला परवडेल असं, आणि मॅनेजरसाहेबांचा नियम कडक. आधीच्या गाईडनं मेव्हणीला रिकाम्या सीटवर बसवलं होतं, त्याच संध्याकाळी त्याला घरचा रस्ता दाखवला. चिमीच्या नवऱ्याची नोकरी सुटलेली. घर सगळं तिच्या पगारावर. असली उडी मारायची म्हणजे काय ते तिला कळत होतं. तरी त्या दिवशी सकाळी एका पाहुण्याचा येत नसल्याचा फोन आला, एक सीट रिकामी पडली, आणि तिला राहवलं नाही. तिनं अप्पांना बोलावून घेतलं.

अप्पा आले ते जावयाचा फुलाफुलांचा शर्ट घालून, डोक्यावर गवताची हॅट ठेवून. हातात घरचा डबा. चिमीनं त्यांना गाडीमागे ओढलं आणि बजावलं. कंपनीच्या जेवणाला हात लावायचा नाही, खोकी मोजून येतात.

"आणि तुम्ही मला ओळखत नाही. कोणाशी बोलायचं नाही. काही झालं तरी नाही. तुमच्या तोंडून एक शब्द गेला की त्याच्यामागे शंभर जातात, आणि त्यातला एक 'माझी मुलगी' हा असतोच."

अप्पांनी शहाण्या मुलासारखं ओठांवर बोट ठेवलं.

त्यांच्या शेजारी खिडकीत एक बाई बसल्या होत्या. एकट्याच आलेल्या, साठीच्या पुढच्या, निळ्या टोपीतल्या, प्रत्येक गोष्ट खोदून विचारणाऱ्या. त्यांनी अप्पांशी बोलायचा प्रयत्न केला. अप्पांनी हसून गळ्याकडे बोट दाखवलं. घसा बसला असेल असं समजून बाईंनी पर्समधून खोकल्याची गोळी काढून दिली आणि बिचाऱ्या अप्पांना ती चघळत बसावं लागलं. चिमीला आरशातून सगळं दिसत होतं आणि हसू आवरत नव्हतं.

किल्ल्यावर त्याहून मजा झाली. तिथल्या तोफेच्या नळीत माणूस पाय पसरून झोपू शकतो, असं अप्पांनी किती गालांना सांगितलं असेल! प्रत्यक्षात त्या नळीत मांजरसुद्धा अंग चोरून बसलं असतं. अप्पांनी हात घालून बघितला, मग चिमीकडे बघितलं आणि हॅट नाकावर ओढून घेतली. असा दिवस तिनं त्यांना आधीच का दाखवला नाही, असं तिला वाटून गेलं. ती खुशीत होती, आणि माणूस खुशीत असला की तिथेच कुठेतरी घसरतो.

गुहेत जायचं ते ओहोटीला. ओल्या वाळूवरून कड्याला वळसा घालून आत शिरायचं, शिटी वाजली की निघायचं, कारण पाणी फिरलं की वाट राहत नाही. गाडीतून उतरायच्या आधी चिमीनं माइकवर नेहमीचं सांगितलं, की गुहेच्या अगदी आतल्या भिंतीला कान लावा, पलीकडच्या समुद्राचा आवाज येतो. हे वाक्य सलूनमधलंच. गाईड होऊन इतकी वर्षं झाली तरी स्वतः कान लावून बघायचं तिला कधी सुचलं नव्हतं. अप्पांनी चमकून मान वर केली. त्यांचा हातही उठला होता, पण मग त्यांनी तो मांडीवर दाबून ठेवला. बापाचं वाक्य लेकीच्या तोंडी आलं म्हणून भरून आलं असेल, असं चिमीला वाटलं.

शिटी वाजवून तिनं सगळ्यांना परत आणलं. आता गाईड लोकांची एक सवय सांगायला हवी. डोकी मोजत बसलं तर माणसं हलतात, वाकतात, मोजणी चुकते. म्हणून हे लोक रिकाम्या सीट मोजतात. सीट हलत नाही. कंपनीच्या हिशेबानं आज एक रिकामी, हे सकाळपासून चिमीच्या डोक्यात बसलेलं. तिनं नजर फिरवली. एक रिकामी होती. बरोबर.

त्या सीटच्या बाजूलाच अप्पा बसले होते. ती जवळून गेली तशी त्यांनी तिची बाही ओढली. पुढच्या रांगेतल्या जोडप्यानं वळून बघितलं. आता हे बोलणार आणि माझी नोकरी घालवणार! तिनं असे काही डोळे वटारले की अप्पांनी बाही सोडून दिली. तिनं ड्रायव्हरला हाक दिली आणि गाडी सुटली.

जेवण बागेत होतं. चिमीनं खोकी वाटली आणि एक खोकं हातात उरलं.

आधी तिला वाटलं, कोणी हात धुवायला गेलं असेल. मग तिच्या लक्षात आलं की रद्द झालेल्या पाहुण्याचं जेवण मागवलेलंच नव्हतं. अप्पा घरचा डबा घेऊन लांबच्या बाकावर बसलेले, डबा न उघडता तिच्याकडेच बघत. आणि निळी टोपी कुठेच नव्हती. सकाळपासून रिकाम्या सीटवर तिनं स्वतःच बाप बसवला होता आणि मोजताना नेमका तोच विसरली होती.

ती बाकाजवळ धावली. का नाही सांगितलंत, एवढंच कसंबसं तोंडातून निघालं.

"बाही ओढली ना गं," अप्पा कुजबुजले. "तू डोळे वटारलेस. वाटलं, तुला माहीत असेल. मागून कोणी आणणार असेल त्यांना. तूच म्हणालीस, काही झालं तरी नाही." त्यांनी डबा बाजूला ठेवला. "चिमे, ते भिंतीचं मी बनवलेलं होतं. पलीकडे समुद्रबिमुद्र काही नाही गं."

सगळ्यांना घेऊन गाडी उलट गुहेकडे पळाली. पाणी केव्हाच फिरलं होतं. चिमी ड्रायव्हरशेजारी उभी होती आणि मनातल्या मनात कोणाकोणाची विनवणी करत होती ते तिचं तिलाच कळत नव्हतं. नोकरी गेली खड्ड्यात, बाई फक्त सापडू देत.

बाई सापडल्या होत्या. होडीतल्या कोळ्यांनी हाक ऐकून त्यांना गुहेतल्या वरच्या खडकावरून काढलं होतं. त्या वाळूवर बसलेल्या, अंगाभोवती कोणाचं तरी पांघरूण, टोपी गेलेली, एका पायात बूट नाही. किनाऱ्यावरच्या जीवरक्षकानं फोन केल्यामुळे मॅनेजरसाहेबही येऊन ठाकले होते. चिमीचा जीव भांड्यात पडला आणि लगेच वरही आला, कारण बाई बोलायला लागल्या होत्या.

"तू म्हणालीस म्हणून कान लावून उभी राहिले," त्या चिमीला म्हणाल्या. दात वाजत होते. "आवाज येत होता. मोठा मोठा होत गेला. मला वाटलं, किती सुंदर. तुझी शिटीसुद्धा ऐकू आली नाही. मग पायांना पाणी लागलं. तो आवाज माझ्या मागून येत होता."

चिमीनं मान खाली घातली. साहेबांनी विचारलं, मोजणी कशी केलीस? एक रिकामी होती, ती म्हणाली. साहेब म्हणाले, मग आत्ता किती रिकाम्या हव्यात? या बाईंची आणि न आलेल्या पाहुण्याची, दोन. त्यांनी गाडीत डोकावून बघितलं. एकच रिकामी होती. आतापर्यंत सगळ्यांच्या नजरा अप्पांवर गेल्या होत्या. तो जोडप्यातला माणूस म्हणाला, हे सकाळपासून एक शब्द बोललेले नाहीत. साहेब चिमीकडे वळले. "हे कोण?"

तिनं तोंड उघडलं. शब्द तिथे होते. माझे वडील. घर डोळ्यांसमोर आलं, नवरा आला, महिनाअखेर आली, आणि ती एक श्वास जास्त थांबली.

तेवढ्यात अप्पा गाडीतून उतरून बोलले. दिवसभर कोंडलेला आवाज होता तो, पण खणखणीत.

"मी फुकट्या आहे, साहेब. सकाळी गाडी उभी दिसली, दार उघडं दिसलं, चढलो. ही पोरगी माइकमध्ये गुंतलेली, हिला पत्ताच नाही. असाच फिरतो मी. मागच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीला टोपी घातली." थाप मारायला बसले की अप्पांचा हात कोणी धरू शकत नसे. तपशीलसुद्धा कसे चोख! सगळ्यांना पटलं. साहेबांचा चिमीवरचा राग तिकडे वळला.

पण त्या बाई अप्पांकडे बघत होत्या.

"तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात," त्या म्हणाल्या. "जागा रिकामी दिसत होती तुम्हाला. तोंड होतं ना तुम्हाला?"

हॅट काढून अप्पा तिच्या काठाशी चाळा करत उभे राहिले, आणि चिमी बघत राहिली. अजूनही बोलता आलं असतं. ती बोलली नाही.

अप्पांना तिथेच ठेवून गाडी निघाली. साहेब म्हणाले, बाकीच्यांचे पैसे फुकट जायला नकोत, दीपगृह दाखवून आण. चिमीनं सीट मोजल्या. दोन रिकाम्या. अगदी बरोबर.

दिवेलागणीला ती घरी आली तेव्हा अप्पा दाराशी बसले होते. दोन बस बदलून आले होते. डबा तसाच भरलेला. शर्ट धुऊन दोरीवर टाकलेला. चिमी त्यांच्या पायाशी बसली आणि रडायला लागली. मी बोलायला हवं होतं अप्पा, मी बोलायला हवं होतं, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. त्यांनी तिच्या केसांतून थरथरता हात फिरवला. नाही बोललीस ते बरं झालं, असं ते म्हणाले नाहीत, आणि ते ऐकायला तिचे कान किती आसुसले होते ते तिचं तिलाच माहीत.

मग त्यांनी विचारलं, "दीपगृह कसं आहे गं?"

चिमीनं डोळे पुसले आणि सांगायला लागली. उंची फार नाही. आतला जिना अरुंद आहे. वर गंज चढलाय. वाऱ्यानं कान दुखतात, आणि खाली नुसतं पाणी दिसतं. एकही शब्द तिनं वाढवून सांगितला नाही. अप्पा ऐकत होते. मध्ये एकदाही बोलले नाहीत.