मुलगी झाली आणि भाकर जुळली

मुलगी झाली म्हणताच मल्कीया काकांचं तोंड उतरलं.

"आता शप्पीराने माहेरी जावं," ते म्हणाले. "बाहेरच्या कुळातून आलेल्या विधवेला याजकाघरची भाकर मुलगा असेल तरच. मुलीवर नाही. उगाच पाप कशाला?"

शप्पीरा माझी वहिनी. माझा भाऊ अबिया वारला तेव्हा ती पोटुशी होती. लोक देवाच्या नावाने आम्हा याजकांना धान्य देतात, ते तिला तेव्हापासून बंद झालं. मूल पोटात असून चालत नाही, जन्मावं लागतं. तोवर बिचारीची चूल वेगळी, अंगणात एकटी जेवायची. आणि आता काका म्हणतात, बाळंतिणीच्या खाटेवरूनच गाठोडं बांध.

माझं डोकंच फिरलं. चपला न घालताच धावत सुटले ती थेट धर्मशास्त्र सांगणाऱ्या रब्बींकडे. ते जैतुनाच्या घाण्यापाशी बसले होते.

"रब्बी, मुलगी म्हणजे मूल नव्हे का?"

"आधी श्वास घे, योखानी. तू याजकाची लेक, परकुळात दिलेली. विधवा होऊन परत आलीस. मग बापाघरचं सोवळं अन्न कशाच्या जोरावर खातेस?"

"मूल नाही म्हणून. नियमच तसा आहे."

"एखादी मुलगी असती तर?"

"तर नसतं खाता आलं."

मी हे म्हणाले आणि माझी मीच थबकले. ज्या मुलीने माझी भाकर तोडली असती, तशाच मुलीने शप्पीराची भाकर जुळायला हवी. तोडताना मुलगी मोजायची आणि जोडताना नाही, हा कुठला न्याय?

रब्बी हसले. "जा, काकांना सांग."

आनंदाने पाय जमिनीवर ठरेनात. काकांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "रब्बी असं म्हणाले?"

"मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली."

काकांनी दाढी खाजवली. मग स्वतःच उठून गाठोडं सोडायला गेले.

मुलीच्या बाळंतपणाचा विटाळ ऐंशी दिवसांचा, तोवर शप्पीराला ती भाकर शिवता येत नव्हती. शेवटच्या संध्याकाळी घरात कुणालाच दम निघेना. चांदण्या दिसल्या की दिवस संपला, म्हणून काका तर छपरावर चढून त्याच शोधत होते. चांदणी दिसली तसे खाली आले, परातीतली भाकर मोडली आणि पहिला तुकडा शप्पीरासमोर ठेवला. तिने खाल्ला, आणि खाता खाता रडली.

"योखानी, तूही घे," काका म्हणाले.

"तुम्ही जेवा," मी म्हटलं. "पोर आत्ताच माझ्या मांडीवर झोपलीय."