अकरा खिडक्यांची मजुरी

गहाण ठेवलेल्या घराच्या दारात बँकेचा माणूस उभा राहिला की शेजारी आपापल्या खिडक्यांतून डोकावतात. काटेसाहेबांच्या दारात तो उभा राहिला, तेव्हाही डोकावले. त्यांपैकी चार घरांच्या खिडक्यांना काटेसाहेबांच्या बायकोने शिवलेले पडदे होते, आणि त्या पडद्यांचे पैसे अजून यायचे होते.

बँकेचा माणूस सभ्य होता. त्याने आवाज चढवला नाही. दोन हप्ते थकलेत, तिसरा थकला तर प्रकरण वर जाईल आणि मग आपल्या हातात काही राहणार नाही, एवढं सांगून, सही घेऊन तो गेला. चहाला मात्र नको म्हणाला.

काटेसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. शहराबाहेरच्या रस्त्यावर मालट्रकचं वजन करायचा मोठा काटा आहे. तिथे ते एकवीस वर्षं कारकून होते, त्यावरून पडलेलं हे नाव. भरलेला ट्रक आला की वजन घ्यायचं, रिकामा परतला की पुन्हा घ्यायचं, पावती फाडायची. माणूस सरळ. चार वर्षांपूर्वी त्यांच्या मनाने घेतलं, की नोकरीसोबत जोडधंदा हवा. घर गहाण टाकून त्यांनी झेरॉक्सचं दुकान काढलं. दीड वर्षात ते बसलं. यंत्रं पडत्या भावात गेली, कर्ज तेवढं मागे राहिलं.

तेव्हापासून खरा जोडधंदा बायकोच्या हातात होता. ती सकाळी नऊ ते दोन एका दवाखान्यात केसपेपर काढायची, आणि उरलेल्या वेळात पडदे शिवायची. उरलेला वेळ म्हणजे पहाटे पाच ते आठ आणि दुपारी तीनपासून मुलीचा अभ्यास, स्वयंपाक यांच्यामध्ये जेवढा सापडेल तेवढा. तिचं काम नीटस होतं. चुण्या सारख्या पडायच्या, खालची दुमड कुठे झोल खायची नाही. ऑर्डरी भरपूर होत्या. मग हप्ते का थकत होते?

त्याचं उत्तर काटेसाहेबांच्या स्वभावात होतं. पडदे पोचवायला ते स्वतः जात. समोरचा खिशाकडे हात नेऊ लागला की तेच आधी म्हणत, "असू द्या हो, पैसे काय पळून जातात का? सवडीने द्या." समोरच्याचा हात खिशापर्यंत पोचायच्या आत माघारी यायचा. मग चहा व्हायचा. काटेसाहेब दिलदार माणूस आहेत, असं चारचौघांत बोललं जायचं, आणि ते त्यांच्या कानावर येईल अशा बेताने बोललं जायचं.

बायकोने सुरुवातीला दोन-तीनदा विषय काढला होता. "अहो, मास्तरांकडचे आले का?"

"येतील गं. घरोब्याची माणसं आहेत. दोन खिडक्यांच्या पैशांसाठी त्यांच्या दारात उभं राहू का?"

पुढे तिने विचारणं सोडून दिलं. एक ऑर्डर जास्त घ्यायची, हा तिचा उपाय होता.

बँकेचा माणूस येऊन गेला त्याच आठवड्यात तिचं उजवं मनगट सुजलं. दवाखान्यातच काम करत असल्यामुळे डॉक्टरांनी ते पाहिलं, पट्टा बांधला आणि संध्याकाळी काटेसाहेबांना बोलावून घेतलं.

"सहा आठवडे कात्री नाही, मशीन नाही," डॉक्टर म्हणाले. "खरं तर आठ महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं. तुम्हाला बोलल्या नाहीत?"

काटेसाहेबांनी मान हलवली. ती हो की नाही, ते डॉक्टरांना कळलं नाही.

अडचण अशी, की त्याच वेळी एक मोठं काम हातात होतं. एका रुग्णालयाला अठरा खाटांभोवती लावायचे पडदे हवे होते. काम वेळेत गेलं असतं तर थकलेले दोन्ही हप्ते आणि चालू हप्ता एका फटक्यात भरला असता. कापायचं काम बरंचसं झालं होतं, पण कापड कमी पडत होतं. काटेसाहेब म्हणाले, "कापड मी आणतो, शिवायचंही बघतो. तू फक्त सांग."

पडद्याचं कापड यायचं ते बाजारातल्या एका जुन्या दुकानातून. ते दुकान एक बाई चालवत. नवरा गेल्यावर तीस वर्षं त्यांनी एकटीने ते चालवलं होतं. सगळे त्यांना मावशी म्हणत. चष्मा दोरीने गळ्यात, हातात कापड मोजायचा लोखंडी गज, आणि जिभेवर हिशोब.

"अठरा मीटर हिरवं द्या, मावशी. लिहून ठेवा," काटेसाहेब म्हणाले.

मावशींनी ठाण काढलं, फळीवर ठेवलं आणि त्यावर दोन्ही हात टेकले. "लिहून ठेवायला जागा नाही उरली, काटेसाहेब. बावीस हजार झालेत."

"बावीस? इतके कसे?"

"तुमची बायको कापड नेते, पडदे देते, पैसे तुम्ही आणता. मधे ते कुठे राहतात, ते मला काय ठाऊक?"

"लोकांकडून यायचे आहेत. आपलीच माणसं आहेत, मावशी. तगादा लावणं बरं दिसत नाही. आणि माझा स्वभावच तसा. माझ्याच्याने मागवत नाही."

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मावशींनी चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"एक विचारू? तुमच्या काट्यावर उद्या तुमच्या मेव्हण्याचा ट्रक आला, तर वजन कमी लावाल?"

"छे! भलतंच काय? नोकरी जाईल."

"सख्ख्या भावाचा आला तर?"

"तरी नाही. काटा तो काटा."

"मग घरी काटा का मोडून ठेवलाय? तिथे नोकरी जात नाही म्हणून? अहो, तिथे मनगट जातं! परवा तुमची बायको रिंगांचं पाकीट घ्यायला आली, तर तिला नोटा मोजता येईनात. मी मोजून दिल्या." मावशींचा आवाज मुळीच चढला नव्हता. "तुम्ही स्वतःला दिलदार समजता. दिलदार माणूस आपलं देतो. तुम्ही तिचं वाटताय. पहाटे पाचला उठून ती शिवते, आणि संध्याकाळी तुम्ही जाऊन ते दान करून येता. वाहवा तुमची होते. पैशाची उधारी माझ्याकडे, मनगटाची तिच्याकडे. तुम्ही यात नेमकं काय सोसलंत, ते मला एकदा सांगा."

काटेसाहेबांनी ठाणाच्या कडेचा एक सुटलेला धागा बोटाभोवती गुंडाळला आणि पुन्हा सोडवला.

मावशींनी अठरा मीटर कापून दिलं. "हे तुमच्या बायकोच्या कामासाठी देते, तुमच्या शब्दासाठी नाही. रुग्णालयाचे पैसे आले की आधी याचे आणायचे. आणि पुढचं कापड रोखीने."

घरी आल्यावर काटेसाहेब मशीनवर बसले. बायको शेजारी खुर्चीत बसून सांगत होती आणि आठवीतली मुलगी टाचण्या लावून देत होती. एका पडद्याची खालची दुमड घालायला त्यांना तासभर लागला. शिवण सापासारखी गेली होती. उसवली, पुन्हा घातली. दोनदा दोरा तुटला, एकदा सुई. मान आखडली, डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. तीन तासांनी एक पडदा झाला, आणि तोही बायकोने उलटसुलट करून पाहिला आणि उसवायला घेतला. डाव्या हाताने.

"तुला किती वेळ लागतो एकाला?" त्यांनी विचारलं.

"चाळीस मिनिटं. रिंगा धरून."

"आणि एकूण किती जणांकडे पैसे अडकलेत?"

तिने पैशात सांगितलंच नाही, खिडक्यांत सांगितलं. "मास्तरांकडे दोन. औषधाच्या दुकानवाल्यांकडे चार. समोरच्या घरी तीन आणि एक दार. तुमच्या काट्यावरच्या साहेबांकडे सहा..." एकेक रंग, एकेक माप तिच्या तोंडपाठ होतं. बेरीज एकेचाळीस खिडक्या झाली. "आणि त्यातल्या अकरा तुमच्या दादांच्या. त्यांचं अस्तराचं काम होतं. दुप्पट शिवण."

एकेचाळीस खिडक्या! काटेसाहेबांनी मनातल्या मनात चाळीस मिनिटांनी गुणून पाहिलं, अस्तराचे वेगळे धरले, आणि मधेच गुणायचं थांबवलं. रोज शेकडो टनांचं वजन घेणाऱ्या या माणसाला आपल्या घरातून किती माल बाहेर गेला, ते अडीच वर्षांत एकदाही मोजावंसं वाटलं नव्हतं! साठ हजारांच्या वर रक्कम बाहेर होती, आणि बँकेचा माणूस दारात येत होता.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, बरं दिसत नाही."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता, तर काटेसाहेबांना काहीतरी उत्तर देता आलं असतं.

सुट्टीच्या दिवशी ते थोरल्या भावाकडे गेले. दादाचं घर नवं, मोठं, आणि दर्शनी खोलीत ते अस्तराचे पडदे ऐटीत लटकत होते. काटेसाहेब पहिल्यांदाच त्यांच्याकडे शिवणाऱ्याच्या नजरेने पाहत होते. इकडच्या-तिकडच्या गप्पा झाल्या. मग ते म्हणाले, "दादा, पडद्यांचे अठरा हजार सातशे राहिलेत. त्यासाठी आलोय."

दादा आधी हसला. मग धाकट्याचा चेहरा पाहून थांबला. "सख्ख्या भावाकडे वसुलीला आलास? लहानपणी माझे कपडे घालून वाढलास तू!"

"वाढलो. म्हणून मी तुझ्याकडे माझं काहीच मागत नाही. यात कापड मावशींचं आणि मजुरी तिची. त्या दोघी तुझे कपडे घालून वाढल्या नाहीत."

"लोक काय म्हणतील? घरातल्या घरात पैसे मोजतात?"

"दादा, तिचं मनगट गेलंय. बँकेचा माणूस घरी येऊन गेला. लोकांनी खिडकीतून पाहिलं, बोलले मात्र काही नाहीत."

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. "भावजी, कसले पैसे? पडद्यांचे? ते तर मी वर्षापूर्वीच दिलेत."

"मला नाही मिळाले, वहिनी."

"यांच्या हातात दिले होते. शिकवण्यांचे माझे पैसे. म्हटलं होतं, आजच्या आज जाऊन देऊन या, तिने राबून शिवलेत."

दादाने टेबलावरचा आपला मोबाइल उचलला आणि खिशात घातला. मोबाइल महागातला होता, साधारण वर्षभरापूर्वी घेतलेला. वहिनींनी तो खिशात जाताना पाहिला.

"म्हणजे आम्ही दोघींनी कमावले," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि तुम्ही दोघांनी आपसात सोडून दिले!"

काटेसाहेब खाली मान घालून बसले. वाक्य दादासाठी होतं, पण 'दोघांनी' या शब्दात त्यांची जागा धरलेली होती, आणि ती त्यांना नाकारता येईना. मावशींच्या दुकानात जे कानांवरून गेलं होतं, ते इथे आत उतरलं.

वहिनींनी निम्मे पैसे तिथल्या तिथे आणून दिले. उरलेले दोन महिन्यांत दादाने पाठवले, कोणाच्या तरी हातून. त्यानंतर चार महिने तो धाकट्याकडे फिरकला नाही. वहिनी मात्र येत राहिल्या.

बाकीच्यांची वसुलीही अशीच झाली, कुठे सरळ, कुठे वाकडी. मास्तरांनी लगेच दिले, वर म्हणाले, "तुम्हीच दर वेळी नको म्हणायचात, मला वाटलं तुम्हाला गरज नसेल." औषधवाल्यांनी तीन हप्ते पाडून घेतले. समोरच्या घराने वापरलेले पडदे धुऊन, इस्त्री करून परत आणून दिले आणि पुन्हा ओळख दाखवली नाही. काट्यावरच्या साहेबांकडे काटेसाहेबांनी सगळ्यांत शेवटी मागितले, पण साहेबांनी सहा खिडक्यांचे पैसे दिले आणि शिवाय दोन खिडक्यांचं काम दिलं. पाच खिडक्यांचे पैसे कायमचे बुडाले.

रुग्णालयाचे पडदे दहा दिवस उशिरा गेले. तेवढ्यात तिसऱ्या हप्त्याची मुदत दारात आली होती, पण निकड भागवायला वसुलीचे पैसे हाताशी होते. तिन्ही हप्ते भरले. मावशींची उधारी उतरली.

मनगट बरं झालं, तरी पहाटेचं शिवणकाम पुन्हा सुरू झालं नाही. आता सरळ शिवणी आणि अस्तर काटेसाहेब घालतात. चुण्या अजून जमत नाहीत. घरातला झाडू-पोछा आणि सकाळचा डबा त्यांच्याकडे आला आहे. डब्याबद्दल मुलीची तक्रार आहे, ती रास्त आहे. ऑर्डर घेताना निम्मे पैसे आधी घ्यायचे, बाकीचे पडदा लावल्यावर, आणि दर बायको सांगेल तो. कोणी "थोडं कमी करा" म्हणालं, तर काटेसाहेब म्हणतात, "त्यांच्याशी बोला, मी फक्त शिडीवर चढतो." एकोणीस महिन्यांनी कर्ज फिटलं आणि घराची कागदपत्रं परत आली. ती आणायला दोघं मिळून गेले. पावतीवर सही बायकोने केली.

वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत अशी एखादी बाई असते. कोणी शिवते, कोणी शिकवण्या घेते, कोणी डबे करते. तिच्या कामाला आपण घरबसल्या केलेलं, फावल्या वेळातलं काम म्हणतो आणि पैसे द्यायची वेळ आली की नात्याची आठवण काढतो. ओळखीच्या माणसाचे कष्ट अनोळखी माणसाच्या कष्टांपेक्षा हलके नसतात. तिला आपलं म्हणायचं असेल, तर आधी तिची मजुरी पूर्ण मोजून तिच्याच हातात द्यावी. आणि ज्या घरात ती राबते, त्या घरच्या माणसाने दिलदार व्हायचं असेल, तर खुशाल व्हावं. फक्त आधी तिच्याशेजारी बसून एक पडदा शिवून पाहावा!