परत जाऊन बघणं

विनोद गोताड आठ वर्षं देवरूख ते संगमेश्वर सहा आसनी रिक्षा चालवत होता आणि त्या आठ वर्षांत त्याने कुणाच्या कोंबडीलाही धक्का लावला नव्हता. स्टँडवर त्याची ख्याती होती ती सावकाश चालवण्याबद्दल. म्हाताऱ्या बायका दोन गाड्या सोडून त्याच्या नंबरासाठी थांबायच्या.

मार्गशीर्षात एका सकाळी बुरंबीच्या पुढच्या वळणावर मागचं चाक कशावरून तरी गेलं. धप्प असा आवाज झाला. विनोदने आरशात पाहिलं, रस्ता रिकामा होता. गाडीतल्या सहा जणांपैकी कुणी काही बोललं नाही. पण संगमेश्वर येईपर्यंत त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली, की माणूस असता तर? कडेला गवतात पडला असेल, म्हणून आरशात दिसला नसेल. पॅसेंजर उतरवून, आपला नंबर सोडून, तो रिकामी गाडी घेऊन परत गेला. वळणावर चिऱ्याच्या ट्रकमधून पडलेला जांभ्या दगडाचा तुकडा होता. विनोद स्वतःशीच हसला आणि फिरला.

दुसऱ्या दिवशी साडवलीच्या गतिरोधकावर तेच. तिसऱ्या दिवशी नुसत्या खड्ड्यात. दर वेळी तो परत जायचा, उतरून गवत चाळायचा, चाकाला रक्त लागलंय का ते बोटाने पुसून बघायचा. बघितलं की दहा मिनिटं बरं वाटायचं. मग मन म्हणायचं, तू नीट कुठे बघितलंस? दुसऱ्या बाजूला उतार होता तिकडे? आणि परत जाताना गाडी आणखी कशावर आदळली की त्याची वेगळी तपासणी. पाऊण तासाच्या फेरीला तीन-तीन तास लागायला लागले. पेपर आला की तो आधी अपघाताच्या बातम्या शोधायचा.

स्टँडवर चेष्टा सुरू झाली. "विनोदला आता रत्नागिरीला धाडायला लागणार," कुणीतरी म्हणालं, आणि रत्नागिरी म्हणजे वेड्यांचं इस्पितळ, हे या भागात सगळ्यांना कळतं. विनोदही हसला. पण माघात एकदा भरलेली गाडी अर्ध्या वाटेतून त्याने मागे फिरवली. आत सखाराम नावाचे गृहस्थ मुंबईची गाडी पकडायला निघाले होते, ती चुकली. ते ओरडले नाहीत. उतरताना एवढंच म्हणाले, "तुला बरं नाही वाटत तर घरी थांब, बाबा." त्या दिवसापासून विनोदने गाडी पडवीसमोर लावून ठेवली. घरात सांगितलं, क्लच गेलाय.

त्याची बायको नम्रता. मुलगी सानवी तेव्हा चार महिन्यांची होती, त्यामुळे नम्रताचं लक्ष तिच्यात. एकदा मुलीचा फोटो शोधायला तिने नवऱ्याचा फोन घेतला. आत रस्त्याचे, चाकांचे, बंपरचे चारशेच्या वर फोटो होते. ती फोन घेऊन पडवीत आली आणि त्याच्या शेजारी बसली.

"हे काय आहे?"

विनोदने फोन घेऊन पालथा ठेवला. मग त्याने सगळं सांगितलं.

"तुम्हाला खरंच वाटतं, कुणी गाडीखाली आलंय?"

"नाही. कुणी आलं नाही हे मला माहीत आहे. पण माहीत असून आत पटतच नाही गो. जीव घाबरा होतो. बघून आल्याशिवाय सुटका नाही."

नम्रताला हसू आलं नाही. ती म्हणाली, "आत्यांना बोलावूया."

तुळसा आत्या म्हणजे विनोदच्या वडिलांची थोरली बहीण, सत्तरी ओलांडलेली, विधवा, खालच्या वाडीत एकटी राहणारी. साऱ्या गावात ती सोवळ्याची म्हणून प्रसिद्ध होती. तिच्या विहिरीवर कुणी घागर टेकवायची नाही, तिची आंघोळ दोन तासांची. तिला विचारून काय होणार, असं विनोदला वाटलं. पण आत्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि आपले दोन्ही हात पुढे केले. कातडी पांढरी पडली होती, बोटांच्या सांध्यांवर चिरा होत्या.

"लोक म्हणतात, तुळसा देवाची. देव नव्हता रे त्यात. नुसती भीती होती," ती म्हणाली. "हात धुतले नाहीत तर घरातलं कोणी मरेल, ही भीती. हे खोटं आहे हे मलाही कळत होतं. तरी चाळीस वर्षं धुतेय. तू माझ्यासारखा नको राहू. डॉक्टरकडे जा. मीपण येते."

रत्नागिरीला मनोविकारतज्ज्ञ डॉ. शमिका आठल्ये यांच्याकडे दोघं एसटीने गेली. डॉक्टरीणबाईंनी तासभर प्रश्न विचारले. मग त्यांनी सांगितलं की याला ओसीडी म्हणतात, नको असलेला विचार पुन्हा पुन्हा येण्याचा आणि तो शमवायला तीच कृती पुन्हा पुन्हा करण्याचा आजार. वेड नव्हे, मनाचा दुबळेपणाही नव्हे.

"भलतासलता विचार सगळ्यांच्या मनात येतो," त्या म्हणाल्या. "मेंदू तो सोडून देतो. तुमचा मेंदू सोडत नाही, धोका संपलाय ही खूण त्याला पटत नाही. आणि तुम्ही परत जाऊन बघता तेव्हा त्याला वाटतं, बघितलं म्हणून वाचलो. मग पुढच्या वेळी तो जास्त जोरात ओरडतो."

"पण हे झालं कशाने?"

"एकच कारण कुणालाच सांगता येत नाही. थोडं रक्तातून येतं, थोडं मेंदूच्या घडणीत असतं. ताण आला, जबाबदारी वाढली की डोकं वर काढतं. तुमच्याकडे नुकतंच बाळ झालंय ना?"

आत्या इतका वेळ पदराचं टोक चोळत होती. "म्हणजे माझ्याकडून गेलं त्याला," ती हळूच म्हणाली.

"तुमच्या घराण्यात कल असेल, आजी. तो तुम्ही दिला नाहीत, तुम्हालाही कुणाकडून आलाच असेल. तुम्ही दिलं ते वेगळं. तुम्ही त्याला इथे आणलंत. माझ्याकडे येईपर्यंत लोकांची वर्षं जातात." डॉक्टरीणबाईंनी दुसरा कागद पुढे ओढला. "आता तुमचं सांगा."

आत्याने आधी विनोदकडे बघितलं, मग बोलायला सुरुवात केली. ते सगळं आजवर तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि रोज करायचा सरावही नेमून दिला. गोळ्यांचा गुण दिसायला दोन महिने लागले. खरं काम गोळीच्या बाहेर होतं. गाडी गतिरोधकावरून न्यायची आणि परत जायचं नाही. फोटो काढायचे नाहीत. येताना तीच जागा लागली तर उतरायचं नाही, कडेचं गवत शोधायचं नाही, भीती येईल ती येऊ द्यायची आणि आपोआप उतरेपर्यंत थांबायचं. पहिल्या आठवड्यात विनोदने गाडी फक्त साडवलीपर्यंत नेली आणि घरी आल्यावर त्याला उलटी झाली.

नम्रतालाही काम होतं. तो विचारायचा, "काही झालं नसेल ना गो?" नाही म्हणणं किती सोपं होतं. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, धीर द्यायचा नाही, तेही परत जाऊन बघण्यासारखंच आहे. ती म्हणायची, "मला माहीत नाही." एकदा तो तिच्यावर चिडला, जेवणाचं ताट बाजूला सारून उठला. ती आत जाऊन रडली, पण तिने उत्तर बदललं नाही. तास गेला, तो परत येऊन बसला आणि गार झालेला भात जेवला.

मे महिन्यात तो पुन्हा स्टँडवर नंबर लावू लागला. मधे आठ दिवस वाईट गेले, पुन्हा चाकं पुसणं सुरू झालं, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, असं होतं, म्हणून पहिल्यापासून सुरुवात झाली असं समजू नका. आत्याची आंघोळ दीड तासावर आली. तेवढ्यावरही ती खूश होती.

भाद्रपदात गणपतीसाठी मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांची गर्दी उसळली. गाडीत सहा माणसं, टपावर बॅगा. लोवल्याजवळ चाक कशावर तरी चढलं आणि उतरलं. विनोदच्या डोक्यात पुन्हा तेच आलं, माणूस असता तर? त्याने आरशात एकदा बघितलं, जेवढं कुठलाही ड्रायव्हर बघेल तेवढं, आणि गाडी पुढे काढली. संगमेश्वरला पॅसेंजर उतरले. तो नंबरात उभा राहिला. छाती धडधडत होती. अर्धा तास तो हँडल धरून बसून राहिला, आणि मग धडधड कमी झाली, कुणी काही न करता.

देवरूखचे पॅसेंजर भरले. लोवलं आलं तेव्हा त्याने वेग कमी केला नाही. शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "साखरप्याची गाडी किती वाजता मिळेल?"

"साडेबाराला आहे. मिळेल तुम्हाला," विनोद म्हणाला. बोलता बोलता लोवलं मागे पडलं होतं.